निषेधाची बैलगाडी

पेट्रोल पंपावर ‘झिरो बघा’ म्हणतात तेव्हा मी झिरो बघत नाही. नजर आपोआप बाजूच्या आकड्याकडे जाते, लिटरच्या भावाकडे. काल संध्याकाळी ठाण्यात आमच्या बाळकुमच्या पंपावर रांग जरा जास्तच होती. भाव पुन्हा हलणार अशी कुजबुज होती. माझ्या पुढच्या स्कूटरवरचे आजोबा ओळखदेख नसताना मागे वळून म्हणाले, “टाकी फुल करून घ्या. उद्याचं काय सांगता येत नाही.” त्यांच्या पुढचा बाईकवाला मुलगा हेल्मेटमधूनच बोलला, “सगळं ह्यांनीच वाढवून ठेवलंय.” आजोबांनी ‘ह्यांनी’ म्हणजे कोणी ते विचारलं नाही. लगेच म्हणाले, “ह्यांनी नाही रे, त्यांनी.” मग दोघांचं जुंपलं. तोंडातून एकही नाव न काढता दोघं छान भांडले, पार नंबर येईपर्यंत.

आणि मला पेंढ्याचा वास आला.

पेट्रोल आणि पेंढा हे दोन वास माझ्या डोक्यात एकमेकांना चिकटून बसलेत. एक आला की मागून दुसरा येतोच. पेट्रोलने शंभरी ओलांडली त्या वर्षापासून हे असं आहे. उन्हाळ्याच्या शेवटी सुरू झालेला तो मोसम दिवाळीला संपला. लोक आंब्याचा मोसम म्हणतात, लग्नांचा म्हणतात. आमच्या घरात तो पेट्रोलचा मोसम होता.

माझं माहेर मोहन्याच्या पुढे, नदीकाठच्या गावात. दर रविवारी मी स्कूटी काढते. कशेळीचा पूल, मग भिवंडीची गोदामं, कोनगाव, दुर्गाडी, कल्याणातून शहाडच्या पुलावर चढायचं की समोर उल्हास नदी दिसते. जलपर्णीने पार हिरवीगार. पाणी कुठे आहे ते शोधावं लागतं. नवरा म्हणतो, एवढ्या लांब स्कूटीने कशाला जातेस? पण शहाडच्या पुलावरून खाली उतरताना अंगाला जो वारा लागतो, तो माहेरचा असतो. तो काही लोकलच्या डब्यात बसून लागत नाही.

माहेरी एकाच पडवीला लागून दोन घरं. एकात माझा मोठा भाऊ प्रकाश, वहिनी आणि आई. दुसऱ्यात माझा धाकटा काका, हिरूकाका, काकी आणि त्यांचा मुलगा महेश. पडवी एकच, त्यामुळे एका घरात फोडणी बसली की दुसऱ्या घरात शिंका. काका आयुष्यभर मोहन्याच्या जुन्या रेयॉनच्या कारखान्यात होता. कारखाना बंद पडला. जमीन हळूहळू रस्त्यात गेली, बिल्डिंगींत गेली. राहिली ती नदीच्या बाजूची भाताची एक पट्टी आणि दोन बैल.

त्या पट्टीला दोन बैलांची काही गरज नव्हती. भाड्याचा ट्रॅक्टर सकाळी येऊन दुपारच्या आत परत जायचा. काकी सारखी म्हणायची, “इकून टाक.” काका ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. बैलांची नावं त्याने ठेवली होती, शेठ आणि मास्तर. शेठ जाडजूड, संथ, कुणी ओरडलं तरी घाई नाही. मास्तर उंच, मान वर करून उभा राहायचा, समोरच्याने काहीतरी चुकीचं उत्तर दिल्यासारखा. गावच्या गणपतीला, हळदीला, नवरदेवाच्या वरातीला गाडी जायची. काका तेव्हा धुतलेला सदरा घालायचा आणि कासऱ्याला हात लावायला कुणाला द्यायचा नाही. बैलांचं कौतुक झालं की ते आपलंच झालं असं त्याला वाटायचं, आणि ते तो लपवायचाही नाही.

प्रकाश एका पक्षात, महेश दुसऱ्यात. दोघंही वॉर्डापुरते कार्यकर्ते. सतरंज्या उचलणारे म्हणतात ना, त्याच्या जरा वरचे. पक्षांची नावं मी लिहीत नाही. लिहिली तर अर्धे वाचक प्रकाशवर चिडतील आणि अर्धे महेशवर, आणि मला दोघंही हवे आहेत. तेव्हा प्रकाशचा पक्ष राज्यात होता, महेशचा दिल्लीत. पेट्रोलवर कर दोन्हीकडून लागतो. त्यामुळे बोट दाखवायला दोघांनाही समोर कुणीतरी होतं. संध्याकाळी पडवीत चहा पिताना एक म्हणायचा, “तुमच्या दिल्लीला सांग.” दुसरा म्हणायचा, “आधी तुमच्या मुंबईला सांग.” तोवर ती गंमतच होती. दोघं लहानपणी एकाच सायकलवर शाळेत जायचे, एक पेडलवर आणि एक दांडीवर, आणि तेव्हाही पडल्यावर चूक कुणाची ह्यावर भांडायचेच.

शंभरी झाली तेव्हा लोक पंपावर आकड्याचे फोटो काढत होते. तोंडावर मास्क, म्हणजे हनुवटीवर. मीसुद्धा काढला एक. कशासाठी काढला ते आता आठवत नाही.

त्या रविवारी मी माहेरी होते. प्रकाश पडवीत येऊन काकाला म्हणाला, “काका, उद्या मोर्चा आहे कल्याणला. बैलगाडी लागेल.”

“कनाला?”

“पेट्रोल परवडत नाही म्हणून लोक आता बैलगाडीने फिरतात, असं दाखवायचंय.”

“कोन फिरतंय?”

“फिरत नाही रे कोणी. दाखवायचंय फक्त.”

काकाने जरा विचार केला. मला वाटलं, नाही म्हणेल. तर तो म्हणाला, “घुंगुरमाला घालू का?”

बैल डांबरावर चालवायचे तर पायाला पत्र्या ठोकायला हव्यात असं प्रकाशला कुणीतरी सांगितलं होतं. आमच्या बैलांच्या खुरांना जन्मात लोखंड लागलं नव्हतं, चिखलातले पाय ते. संध्याकाळी प्रकाशने टिटवाळ्याकडून माणूस आणला, बैल आडवे पाडले आणि पत्र्या ठोकून घेतल्या. गाव कल्याणापासून लांब, म्हणून दुसऱ्या दिवशी बैल आणि गाडी टेम्पोत चढवून नेली. इंधन महाग झालं म्हणून निघालेली बैलगाडी डिझेलच्या टेम्पोतून गेली, आणि हे आमच्यापैकी कुणालाच विचित्र वाटलं नाही. मला ते कितीतरी महिन्यांनी, भांडी घासताना एकदम सुचलं आणि मी एकटीच हसत बसले.

मोर्चात गाडीवर एक मोटरसायकल चढवली होती, तिला हार घातला होता. बाजूला प्रकाशच्या पक्षाचे साहेब उभे होते आणि पुढे कासरा धरून हिरूकाका. फोटो सगळ्यांच्या फोनवर आला. खाली लिहिलेलं, ‘संतप्त शेतकरी रस्त्यावर’. काकी मला म्हणाली, “रंजू, संतप्त म्हंजे काय गो?”

“चिडलेला.”

“हा कुटं चिडला? हा तर आइस्क्रीम खाऊन आला.”

काकाच्या डोळ्यांवर ऊन आलं होतं म्हणून त्याने कपाळाला आठ्या घातल्या होत्या. पण फोटो त्याला फार आवडला. भाजीवाल्याला दाखवला, रिक्षावाल्याला दाखवला. मला म्हणाला, “मास्तर बग कसा हुबा हाय.” खरंच, साहेबांपेक्षा मास्तरच जास्त नेता वाटत होता.

महेश मात्र रागावला. “आबा, तुला कळतंय का, तू कुणाच्या गाडीत बसलेलास?”

“माज्याच गाडीत बसलो.”

महेशने मग आपल्या पक्षात जाऊन सांगितलं की आपणही मोर्चा काढू, राज्याने कर कमी करावा म्हणून, आणि बैलगाडी माझ्या घरचीच आहे. काकाने त्यालाही नाही म्हटलं नाही. “पुतन्याला दिली, पोराला नको देऊ?” त्याचा हिशेब घरातला होता. एकाला लाडू दिला की दुसऱ्यालाही द्यायचा.

पण तोवर पाऊस सुरू झाला होता.

दुसरा मोर्चा शहाडच्या बाजूला होता, रविवारी, त्यामुळे मी नेमकी वाटेत अडकले. स्कूटी कडेला लावून मी एका दुकानाच्या छपराखाली उभी राहिले. पावसाची भुरभुर चालू होती. पुन्हा गाडीवर मोटरसायकल, पुन्हा तिला हार. साहेब वेगळे, घोषणा वेगळ्या, हलगी बहुतेक तीच. साहेबांना फोटोत मागे भावाचा आकडा हवा होता, म्हणून गाडी रस्त्यावरून आत, समोरच्या पेट्रोल पंपाच्या फरशीवर घ्यायला सांगितली. ती फरशी गुळगुळीत. वर पावसाचं पाणी आणि पाण्यावर तेलाचे सप्तरंगी तवंग. शेठ आपल्या चालीने आत गेला. मास्तरने पाय ठेवला आणि त्याचा पुढचा पाय सर्रकन सरकला. पायातलं लोखंड फरशीवर घासल्याचा आवाज मला पावसातही ऐकू आला. तो गुडघ्यावर बसला, मग कुशीवर. गाडी कलंडली, मोटरसायकल घसरली, साहेब वेळेवर उडी मारून बाजूला झाले. हलगी थांबली.

काका त्या ओल्या फरशीवर बसला आणि मास्तरचं डोकं त्याने मांडीवर घेतलं. नुसता त्याच्या कानामागे खाजवत राहिला. महेश जू सोडवत होता, पण ओला दोर सुटत नव्हता. मी धावत गेले आणि माझ्या ओढणीने मास्तरचं तोंड पुसलं. काय करावं ते कळेना म्हणून पुसलं. पेट्रोलचा वास, ओल्या पेंढ्याचा वास आणि त्या जनावराच्या गरम श्वासाचा वास. तोच तो.

मास्तरला टेम्पोत घालून घरी आणलं. सरकारी दवाखान्यातले गुरांचे डॉक्टर आले. पाय चाचपून म्हणाले, हाड शाबूत आहे, पण शिरा चांगल्याच ताणल्यात. पत्र्या काढा, शेक द्या, सहा महिने गाडीला जुंपू नका. बरा होईल का? काकाने विचारलं. डॉक्टर म्हणाले, बघू.

आणि मग पडवीत सुरू झालं. महेश म्हणाला, “ह्याने पत्र्या ठोकल्या म्हणून घसरला. उघड्या खुरांनी बैल कधी घसरला होता?” प्रकाश म्हणाला, “पावसात त्याला पंपाच्या फरशीवर कुणी नेला? मी नेलेला?” “पत्र्या नसत्या तर काही झालं नसतं.” “फरशीवर नेला नसतास तर काही झालं नसतं.” मी दोघांकडे आळीपाळीने बघत होते. हेच, अगदी ह्याच सुरात, मी रोज टीव्हीवर ऐकत होते. अर्धा वाटा इथला, अर्धा तिथला, आणि दोन्ही अर्धे खरे. मधे जो पडलाय त्याच्याकडे बघायला कुणाला सवड नाही.

काका गोठ्याच्या दारातून म्हणाला, “चूक कोनाची ती सावकाश शोधा. आधी पानी गरम करून द्या.”

पाणी वहिनीने गरम केलं. ते दोघं भांडतच राहिले आणि त्या दिवसापासून एकमेकांशी बोलायचे बंद झाले.

पुढच्या आठवड्यात कुणीतरी दोन्ही मोर्च्यांचे फोटो शेजारी शेजारी लावून फिरवले. तेच बैल, तीच गाडी, तोच माणूस, कपाळावर त्याच आठ्या. वर लिहिलेलं, ‘भाड्याचे बैल, भाड्याचा शेतकरी’. कल्याणपासून डोंबिवलीपर्यंत सगळ्या ग्रुपांवर ते गेलं. माझ्याच सोसायटीच्या ग्रुपवर आलं, खाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले चेहरे. मी काही लिहिलं नाही. तो माझा काका आहे हे त्या हसणाऱ्यांना कसं सांगणार? आणि सांगून काय? काकाने दोन्हीकडून छदाम घेतला नव्हता. पहिल्या वेळी आइस्क्रीम, दुसऱ्या वेळी तर तेही नाही.

गावात एका हळदीला काकीला बायकांनी विचारलं, “यंदा कनच्या पार्टीची पेंड खातात तुमचे बैल?” काकी न जेवता घरी आली. काकाने फोनमधला तो फोटो कुणाला दाखवणं बंद केलं. सकाळी देवळाजवळच्या कट्ट्यावर जाऊन बसायचा, तेही बंद झालं. दिवसभर गोठ्यात. मी गेले की मलाही तिथेच बोलवायचा. पाऊस पत्र्यावर वाजत असायचा, मास्तर आडवा, शेठ उभा राहून रवंथ करत, आणि आम्ही दोघं पेंढ्याच्या पेंडीवर बसलेलो.

“लोका हसतान,” एकदा तो म्हणाला.

“हसू दे रे.”

“मना नाय हसत. मास्तरला हसतान. त्यानं कुनाचा काय केला?”

मला त्याचं म्हणणं पटलं आणि पटलंही नाही. लोक त्यालाच हसत होते. पण आपल्यावरचं हसू बैलावर ढकलून तो जर थोडा हलका होत असेल, तर मी कशाला खोडून काढू?

काकी मात्र एकदा ठाम म्हणाली, “उभा राहनार नाय तो. शेठला इका, याला पांजरपोलात द्या. गोठा मोकला करा.” ती कठोर नव्हती. चारा-पाणी, शेण, शेक सगळं तिच्याच अंगावर पडत होतं आणि तिचे गुडघे गेलेले होते. ह्या वेळी काकाने मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं, की हा आता होय म्हणेल.

गणपती आले. आमचा गणपती एकच, काकाच्या घरात बसतो. आरतीला प्रकाश एका भिंतीला, महेश समोरच्या. प्रकाशने टाळ वाजवले, महेशने घंटा. एकाचा ताल दुसऱ्याच्या तालाला धरून होता, कारण हात लहानपणापासूनचे. तोंडं मात्र दोन दिशांना. जेवायच्या वेळी प्रकाश ‘मला काम आहे’ म्हणून निघून गेला. आई केळीच्या पानावर वाढलेला त्याचा मोदक बघत बसली. शेवटी तिने तो उचलून गोठ्यात नेला आणि मास्तरच्या तोंडात घातला.

एका रविवारी मी नेहमीपेक्षा लवकर पोचले. सगळे झोपलेले. मागच्या बाजूला गेले तर गोठ्यात महेश. समोर पाण्याचं पातेलं, त्यात निर्गुडीचा पाला उकळलेला, आणि फडकं पिळून तो मास्तरच्या पायावर शेक देत होता. मला बघून दचकला. म्हणाला, “ताई, प्रकाशला सांगू नको. म्हणेल, आता पुळका आला.”

मी बरं म्हटलं. संध्याकाळी ठाण्याला परत निघताना छत्री गोठ्यात राहिलेली आठवली. आणायला गेले, तर प्रकाश. हातात आंबेहळदीचा लेप. तो मास्तरच्या पायाला लेप चोळत होता आणि तोंडाने काहीतरी पुटपुटत होता, लहान मुलाला समजावतात तसं. “रंजू, तू ह्या महेशला बोलू नको हां. त्याला वाटेल मी चूक कबूल केली.”

मी काकाकडे बघितलं. तो कोपऱ्यात विळीवर गवत कापत होता. मान वर न करता गालात हसला. त्याला सगळं माहीत होतं, अर्थात. गोठा त्याचाच. सकाळचा माणूस संध्याकाळच्या माणसाला भेटणार नाही एवढीच तो काळजी घेत होता.

त्या दिवसांत मी स्कूटीवर जाताना रस्ताभर फ्लेक्स वाचायचे. जाहीर निषेध, जाहीर निषेध, वाढदिवसाच्या शुभेच्छा, जाहीर निषेध. एक गोष्ट माझ्या लक्षात यायला लागली. भाव वाढला की तो आपोआप वाढतो, कुठल्यातरी लांबच्या देशात, कुणाच्या हातात नसताना. उतरला की मात्र तो कुणीतरी उतरवलेला असतो, आणि उतरवणाऱ्याचा हसरा फोटो तयार असतो. मी चिडून नाही म्हणत. आपण सगळेच थोडे असे आहोत. मी शाळेत शिकवते; माझा विद्यार्थी पास झाला की मी शिकवलं, नापास झाला की घरी लक्ष नाही. पण त्या गोठ्यात मी उलटं बघत होते. काम करणारे दोघं, आणि दोघांनाही ते आपलं म्हणून कुणाला कळायला नको होतं. एवढ्या फ्लेक्सच्या गावात ही बिनफ्लेक्सची मेहनत बघताना मला फार शांत वाटायचं.

नवरात्रात मास्तर उभा राहिला. कोजागिरीच्या सुमारास गोठ्यातून बाहेर आला, पाय जपून टाकत. दिवाळी जवळ आली तोवर तो नदीपर्यंत चालत जाऊन पाणी पिऊन यायला लागला होता, तसाच मान वर करून. काकीने गोठा मोकळा करायचं नाव काढणं सोडलं.

आणि दिवाळीतच दिल्लीहून बातमी आली की पेट्रोल उतरलं. पंपावर नवा आकडा लागला. एका रात्रीत शहाडच्या पुलाखाली फ्लेक्स उभे राहिले. महेशच्या पक्षाचे, ‘जाहीर आभार’. त्याला लागूनच प्रकाशच्या पक्षाचे, ‘आमच्या आंदोलनाला यश’. दोन्हींवर फुलबाज्या छापलेल्या.

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी मी माहेरी होते. अंगणात वहिनी रांगोळी काढत होती आणि मी रंग भरत होते. काका पडवीच्या पायरीवर बसून बैलांच्या शिंगांना रंग द्यायची तयारी करत होता. पडवीच्या ह्या टोकाला महेशचा फोन वाजला. त्याच्या साहेबांचा. आवाज एवढा मोठा की आम्हाला ऐकू आलं. आभाराची मिरवणूक काढायची आहे, बैलगाडी सजवायची, पेढे वाटायचे, तुमचेच बैल आणा.

महेशने अंगणात एक नजर टाकली. मग म्हणाला, “साहेब, बैल अजून लंगडतोय. नाही चालणार तो. हो ना, अजिबात टेकत नाही पाय.”

मास्तर त्या वेळी अंगणात चारी पायांवर उभा राहून वहिनीची रांगोळी हुंगत होता.

महेशने फोन ठेवला. रांगोळीच्या पुढच्या मोराला मी निळा रंग भरला असेल-नसेल, तेवढ्यात पडवीच्या त्या टोकाला प्रकाशचा फोन. त्यांच्यात विजय मिरवणूक होती. प्रकाश खांबाकडे तोंड करून हळू बोलत होता, पण पडवी एकच. “कुठला साहेब, तो पायच टाकत नाही अजून. डॉक्टरने सांगितलंय, जन्माचा गेला.”

त्याने फोन खिशात टाकला आणि वळला. महेश त्याच्याकडेच बघत होता. कितीतरी महिन्यांनी दोघांनी एकमेकांच्या तोंडाकडे बघितलं. महेशने फक्त विचारलं, “जन्माचा?”

प्रकाश म्हणाला, “मग काय सांगू?”

बस्स, एवढंच. मग महेश आत गेला आणि फराळाचं ताट घेऊन बाहेर आला, आणि ते पायरीवर दोघांच्या मधे ठेवलं. मी आणि वहिनी रांगोळीत तोंड घालून बसलो. काका ब्रश धुवत होता, तो जरा जास्तच वेळ धुवत राहिला.

पाडव्याला आमच्याकडे पहाटे बैल उडवतात. रस्त्यावर पेंढा पसरायचा, पेटवायचा आणि सजवलेली जनावरं त्या जाळावरून पळवत न्यायची. वर्षभराची पीडा जळते म्हणतात. हल्ली गावात जनावरंच थोडी, त्यामुळे बघायला मात्र सगळं गाव जमतं. थंडी पडली होती. पेंढ्याचा धूर, उटण्याचा वास, बायकांच्या नव्या साड्यांचा वास. गेल्या काही महिन्यांत हसलेले सगळेच तिथे उभे होते, फोन वर धरून.

शेठला नेला. तो जाळाजवळ जाऊन थांबला, विचार केला आणि सावकाश ओलांडून गेला. लोक हसले. मग काकाने मास्तरला आणलं. काकीने माझा हात घट्ट धरला. “नको नेऊस,” ती पुटपुटली, पण काकाला ऐकू जाईल एवढ्याने नाही. पडला असता तर पुन्हा उठला नसता, हे तिथे प्रत्येकाला माहीत होतं. काकाने इकडे तिकडे बघितलं, आणि कासरा स्वतः न धरता एक बाजू महेशच्या हातात दिली, एक प्रकाशच्या. कासऱ्याला कुणाला हात लावू न देणारा माणूस. तो जाळाच्या पलीकडे जाऊन उभा राहिला आणि नुसतं म्हणाला, “ये रं.”

दोघं पळाले. मधे मास्तर. जाळाजवळ दोघांनी एकदमच दोर सैल सोडला आणि मास्तरने उडी घेतली. उंच, गरजेपेक्षा जास्तच उंच. शिंगांचा लाल रंग उजेडात चमकला आणि तो पलीकडे चारी पायांवर उतरला. गाव ओरडलं. काकी रडायला लागली, आणि मीही.

गर्दीतून कुणीतरी विचारलं, “अरे, हा तर लंगडत होता ना? कोनी बरा केला रं याला?”

प्रकाश खाली बघायला लागला. महेशही. मला वाटलं, आता काका सांगेल. सकाळचा शेक, संध्याकाळचा लेप, सगळं. त्याचा चेहरा तसा झालाही होता. पण तो मास्तरच्या पाठीवरची राख झटकत राहिला, आणि मग वर धरलेल्या सगळ्या फोनांकडे बघून खणखणीत आवाजात म्हणाला,

“कुठं बरा झाला? लंगडतंय अजून. जन्माचा गेला. तुमच्या तुमच्या साहेबांना तसाच सांगा.”

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. आधी प्रकाश हसला, मग महेश, मग शेजारची माणसं, आणि हसू त्या धुरातून रस्त्याच्या शेवटापर्यंत गेलं. वर धरलेले फोन एकेक करून खाली आले. मास्तर मान वर करून काकाच्या मागून घराकडे चालत निघाला होता, नीट, सरळ पाय टाकत, आणि सगळं गाव कडेला सरून त्याला वाट देत म्हणत होतं, “लंगडतंय रं बिचारा, लंगडतंय.”